लोकलची किंमत कुणी चुकवायची?

१/ रेल्वेच्या तिकिटावर २०१६ पासून एक मजकूर छापला जाऊ लागला. प्रवासासाठी येणाऱ्या खर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम तिकिटातून वसूल होते आणि उरलेला भार देशातील सामान्य नागरिक उचलतात, असा त्याचा आशय. कल्याणहून उभ्याने निघालेल्या, दादरला उतरताना अंगावरचे कपडे सावरणाऱ्या माणसाला हे सांगितले जाते, की बाबा रे, तू इतरांच्या जिवावर प्रवास करतो आहेस. आजचा धागा या आरोपाचे उत्तर आहे.

२/ या आरोपामागे एक पूर्ण युक्तिवाद उभा आहे. मुंबईच्या लोकलचे भाडे अतिस्वस्त आहे. त्यामुळे रेल्वेकडे पैसा नाही. त्यामुळे नवे मार्ग होत नाहीत. त्यामुळे गर्दी आहे. म्हणून भाडे वाढवा. ऐकायला हे सरळ वाटते. पण १७० वर्षांचा इतिहास पाहिला तर यातील प्रत्येक ‘त्यामुळे’ डळमळू लागतो. माझे म्हणणे एवढेच आहे: लोकलमुळे ज्यांची सर्वांत मोठी कमाई झाली, त्यांच्याकडे तिचे बिल फारच क्वचित गेले. ते लोक डब्यात बसलेले नाहीत. ते रुळांच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीचे मालक आहेत.

३/ आरंभापासून सुरुवात करू. जीआयपी रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १८४९ मध्ये करार झाला. त्यानुसार सरकारने रेल्वेला जमीन मोफत द्यायची आणि भागधारकांना त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी द्यायची. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. म्हणजे लंडनमधल्या भागधारकाचा लाभ पक्का आणि तोट्याची जबाबदारी इथल्या शेतसारा भरणाऱ्या रयतेची. ‘इतरांच्या जिवावर’ हा शब्दप्रयोग करायचाच असेल, तर त्याचा पहिला मान या भागधारकांना जातो.

४/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. अंतर सुमारे २१ मैल. तिसऱ्या वर्गाचे भाडे मैलाला ३ पै, म्हणजे ठाण्यापर्यंत ५ आणे ३ पै. पहिल्या वर्गाचे २ रुपये १० आणे, म्हणजे बरोबर आठपट. मुंबई–ठाणे प्रवासाची अशी प्रतवारी पहिल्या दिवसापासून होती. एतद्देशीय लोक गाडीत बसतील की नाही, याविषयी तेव्हाच्या अनेक साहेबांना शंका होती. कमाई मालवाहतुकीतूनच होणार, असा त्यांचा होरा होता. लोकांनी तो खोटा ठरवला. तिसरा वर्ग भरून वाहू लागला आणि प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग त्याच वर्गातून येऊ लागला.

५/ त्या वर्गाला बदल्यात काय मिळाले? गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालांवर स्वतंत्र लेख लिहिला, यातच उत्तर आले. सर्वाधिक पैसा देणाऱ्याला सर्वांत वाईट डबा, हा न्याय रेल्वेने तेव्हापासून अंगी बाणवला. आज ‘तुम्ही पुरेसे देत नाही’ असे ज्यांना सांगितले जाते, ते याच तिसऱ्या वर्गाचे वारस आहेत. फक्त वर्गाचे नाव बदलून ‘द्वितीय’ झाले आहे.

६/ आता जमिनीकडे वळू. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाला जाणारी एक, येणारी एक. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली, १९२८ मध्ये कुलाबा–बोरिवली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत वीज पोहोचली. प्रत्येक टप्प्यानंतर साष्टीतली भातखाचरे आणि वाड्या निवासी भूखंड होत गेल्या. स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर असणे, हीच त्या भूखंडांची किंमत. ही किंमत मालकाने निर्माण केली नव्हती, रुळांनी केली होती. पण त्या वाढीव किमतीतला ठरावीक हिस्सा रुळांकडे परत यावा, अशी कायमची व्यवस्था कोणी उभी केली नाही.

७/ याच सुमारास दिल्लीत एक दूरगामी निर्णय झाला. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ मध्ये रेल्वेचे वित्त सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळे काढण्यात आले. रेल्वेने व्यापारी तत्त्वावर चालावे, हा हेतू. मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना हा हिशेब कसाबसा लागू पडतो. शहराच्या लोकलला तो लागू पडत नाही, कारण तिचा लाभ तिकीट काढणाऱ्यापुरता थांबत नाही. गिरणीला वेळेवर कामगार मिळतो, पेढीला कारकून मिळतो, घरमालकाला भाडेकरू मिळतो. यांपैकी एकाचेही नाव रेल्वेच्या जमेच्या बाजूला येत नाही. म्हणून खतावणीत लोकल कायम ‘तोट्यात’ दिसते.

८/ हा तोटा हिशेबाच्या पद्धतीतून जन्मलेला आहे, हे ध्यानात घ्यावे. बारा डब्यांच्या गाडीत आसने बाराशेच्या आसपास. गर्दीच्या वेळी तिच्यात साडेचार हजार आणि त्याहून अधिक माणसे असतात. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी. या गर्दीसाठी नियोजनकारांकडे स्वतंत्र तांत्रिक संज्ञासुद्धा आहे. जगातील फारच थोड्या रेल्वेंना एका फेरीत इतकी तिकिटे विकण्याची सोय असेल. ज्या जागेत तीन माणसांनी उभे राहावे तिथे पंधरा उभी राहतात, तेव्हा उरलेल्या डब्यांचा, गाड्यांचा आणि मार्गिकांचा खर्च ती माणसे आपल्या बरगड्यांनी भागवत असतात. तिकिटावरच्या ५७ टक्क्यांत ही वसुली धरलेली नाही.

९/ जमिनीतून रेल्वे उभारण्याचा प्रयोग या प्रदेशात एकदा झाला, आणि तो इथेच झाला हे विसरले जाते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. जमीन आधी सार्वजनिक मालकीत घ्यायची, पायाभूत सोयी उभारायच्या, किंमत वाढली की भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढच्या सोयी करायच्या, हे सूत्र ठरले.

१०/ याच सूत्रावर मानखुर्द–वाशी रेल्वे झाली. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोचा आणि ३३ टक्के रेल्वेचा. मे १९९२ मध्ये लोकल ठाण्याची खाडी ओलांडून वाशीला पोहोचली, पुढे बेलापूर आणि पनवेलला गेली, २००४ मध्ये ठाणे–तुर्भे–वाशी मार्ग आला. वाशी, बेलापूरची ती प्रशस्त स्थानके, त्यांच्यावरची कार्यालये, लांबरुंद फलाट पाहा आणि मग कुर्ला किंवा दिवा पाहा. एकाच रेल्वेची, जवळपास एकाच भाड्याची ही स्थानके आहेत. त्यांच्यातील फरक तिकिटातून आलेला नाही. पैसा कुठून आला, यातून तो आला आहे.

११/ पण हे सूत्र गौरवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती जमीन हवेतून आली नव्हती. ९५ गावांतील शेतकऱ्यांची आणि आगरी-कोळ्यांची ती मिठागरे व भातशेती होती, आणि तिचा मोबदला अल्प होता. जानेवारी १९८४ मध्ये जासई–दास्तान फाटा परिसरातील आंदोलनावर गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. म्हणून नवी मुंबईची लोकल कुणी बांधली, या प्रश्नाचे उत्तर सिडको आणि रेल्वे यांच्यापाशी पुरे होत नाही. त्या पाच जणांच्या गावांनीही ती बांधली आहे.

१२/ शिवाय सूत्र चांगले असले तरी अंमलबजावणी आपोआप होत नाही. उरणचा रेल्वेमार्ग १९९० च्या दशकात मंजूर झाला. त्याचा पहिला टप्पा, खारकोपरपर्यंतचा, नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणपर्यंतचा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. मधल्या पाव शतकात एक पिढी एसटीने आणि तीन आसनी रिक्षाने फिरत म्हातारी झाली. आणि जमिनीतून पैसा आलेला असूनही नवी मुंबईच्या मार्गांवर प्रवाशांकडून तिकिटामागे वेगळा अधिभार घेतला गेला. म्हणजे भूखंड विकून एकदा आणि तिकीट विकून पुन्हा एकदा.

१३/ खाडीअलीकडे काय चालले होते? नवे शहर वसवून मुंबईचा भार हलका करायचा, असे ठरवणाऱ्या शासनाने त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र हटवून कार्यालयांसाठी भूखंड तयार केले. मंत्रालयही जागचे हलले नाही. परिणामी घरे उत्तरेला व पूर्वेला सरकत गेली आणि नोकऱ्या दक्षिण टोकाला साचत राहिल्या. सकाळी सगळ्यांनी एका दिशेला, संध्याकाळी सगळ्यांनी उलट दिशेला, हा मुंबईचा स्वभावधर्म नव्हे. तो निर्णयांनी घडवलेला आहे, आणि त्या निर्णयांत डोंबिवलीच्या प्रवाशाचे मत कोणी विचारले नव्हते.

१४/ पुढचे उदाहरण वांद्रे–कुर्ला संकुलाचे. १९७७ पासून एमएमआरडीए तिथले नियोजन प्राधिकरण आहे. देशातील सर्वांत महाग कार्यालयीन जमिनींपैकी ही एक. भूखंडांच्या भाडेपट्ट्यातून प्राधिकरणाला हजारो कोटी मिळाले. संकुलाच्या नावातच दोन रेल्वे स्थानके आहेत. पण संकुलाच्या आत रेल्वे पोहोचली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, भुयारी मेट्रोच्या रूपाने. तोवर काही लाख रुपये चौरस मीटरच्या जमिनीवर काम करणारा माणूस वांद्रे किंवा कुर्ला स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होता. जमीन विकायला आधी आणि रूळ टाकायला नंतर, हा क्रम इथे उघड दिसतो.

१५/ १९९९ मध्ये मुंबई रेल विकास महामंडळ स्थापन झाले. ५१ टक्के रेल्वे, ४९ टक्के महाराष्ट्र शासन. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या, म्हणजे एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्याला २००२ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. त्यातून बोरिवली–विरार चौपदरीकरणासारखी खरोखर मोठी कामे झाली, ते श्रेय द्यायलाच हवे. पण त्यासोबत लोकलच्या तिकिटावर आणि पासावर ‘एमयूटीपी अधिभार’ही आला. म्हणजे नव्या मार्गिकेसाठी थेट आकारणी झाली ती जुन्या मार्गिकेवर लोंबकळणाऱ्या प्रवाशावर.

१६/ चौपदरीकरणाचा लाभ कुणाला झाला? प्रवाशाला झालाच. पण २००७ नंतर वसई–विरार पट्ट्यात इमारतींचे जे रान माजले, त्या जमिनीच्या किमतीचा विचार करा. २०११ च्या जनगणनेत वसई–विरारची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. दोन मार्गिका वाढल्या आणि त्यांच्या भरवशावर एक अख्खे महानगर उभे राहिले. काही वर्षांतच विरारची लोकल पुन्हा तशीच भरून निघाली. विस्ताराचा फायदा ज्याने जमीन विकून रोख घेतला तो बाजूला झाला. गर्दी आणि अधिभार ज्याने हप्त्यावर घर घेतले त्याच्याकडे राहिले.

१७/ ‘पैसा नाही म्हणून कामे रखडतात’ हे विधान ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेवर तपासून पाहा. काम २००८ मध्ये मंजूर झाले, फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाले. अंतर नऊ-दहा किलोमीटर, काळ चौदा वर्षे. त्यात भूसंपादन होते, पुनर्वसन होते, खाडी होती, आणि कुणाच्याही कपाळाला आठी न पाडणारी दिरंगाई होती. या चौदा वर्षांत दिव्याच्या फलाटावर जानेवारी २०१५ चा उद्रेक होऊन गेला. भाडे दुप्पट असते तर हे काम सात वर्षांत झाले असते काय? पुढारलेल्या नियोजनकारांपैकी कोणी तरी याचे उत्तर द्यावे.

१८/ भाडे वाढवण्याचा प्रयत्नही होऊन गेला आहे. लोकलचा मासिक पास एकेरी १५ फेऱ्यांच्या भाड्यावर काढला जातो. महिन्याला पन्नासएक फेऱ्या करणाऱ्याला तो साहजिकच स्वस्त पडतो. जून २०१४ मध्ये हा हिशेब ३० फेऱ्यांवर नेण्याची घोषणा झाली. पासाची किंमत एका फटक्यात दुप्पट. चार-पाच दिवसांत ती मागे घेतली गेली, कारण ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक होती. या माघारीवर ‘लोकानुनय’ म्हणून टीका झाली. टीका योग्यच, पण पासधारकाला मिळणारी सवलत प्रत्यक्षात त्याच्या मालकाची सवलत आहे, हे कुणी बोलले नाही. पास दुप्पट झाला तर बदलापूरहून येणारा माणूस एक तर जास्त पगार मागेल किंवा नोकरी सोडेल. स्वस्त पासाच्या आधारावर स्वस्त पगार टिकून आहे.

१९/ उघड वाढ जमली नाही, तेव्हा वेगळी वाट सापडली. २५ डिसेंबर २०१७ रोजी वातानुकूलित लोकल सुरू झाली. साध्या लोकलचे किमान भाडे ५ रुपये. वातानुकूलित गाडीचे त्याच्या कैक पटींनी अधिक. गाड्या रिकाम्या धावू लागल्या, म्हणून मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट ५० टक्क्यांपर्यंत कमी करावे लागले. त्यानंतर साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या बसवणे सुरू झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी आंदोलन केले आणि मध्य रेल्वेने नव्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. त्या लोकांना गारव्याचे वावडे नव्हते. त्यांची नेहमीची ८.१५ की ८.२० ची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत महाग झाली होती आणि पासावर तिच्यात चढता येत नव्हते.

२०/ खासगी गुंतवणुकीने भाड्याचा पेच सुटतो, असेही सांगितले जाते. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो त्यासाठी पाहावी. करारात भाडे ९ ते १३ रुपये होते. जून २०१४ मध्ये सेवा सुरू होताना १० ते ४० रुपयांचे दर पुढे आले, आणि २०१५ मध्ये भाडेनिश्चिती समितीने थेट ११० रुपयांपर्यंतची मर्यादा सुचवली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१७ मध्ये ती शिफारस रद्द झाली. अकरा किलोमीटरच्या मार्गावर ही झुंज. ज्या प्रकल्पाची सारी मदार तिकिटावर असते, तिथे वाढलेल्या बांधकामखर्चाचा प्रत्येक रुपया शेवटी प्रवाशाच्या खिशाकडेच पाहतो.

२१/ मग जमिनीवर कर लावता येत नाही काय? येतो, आणि लावलाही आहे. १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत मालमत्तेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का अधिभार घेतला जातो. लोक त्याला ‘मेट्रो अधिभार’ म्हणतात. बांधकामावरील विकास शुल्कातही परिवहन प्रकल्पांच्या नावे वाढ झाली. तत्त्व मान्य झाले हे चांगलेच. पण लोकलच्या नावे असा अधिभार नाही. दिवसाला पाऊण कोटीच्या आसपास प्रवासी वाहून नेणारी लोकल केंद्राच्या अखत्यारीत आणि जमीन राज्याच्या अखत्यारीत, या एका कारणाने तिच्या वाट्याला तिकिटावरचा अधिभार येतो आणि मेट्रोच्या वाट्याला मुद्रांकावरचा.

२२/ रस्त्यांचा न्याय आणखी निराळा. किनारी रस्त्यावर महापालिकेने १२ हजार कोटींहून अधिक खर्च केला. त्यावर पथकर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुन्हा एका विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ झाला. मोटारीत एकटा बसून वरळीहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्या गृहस्थाच्या काचेवर ‘तुमच्या प्रवासाचा शंभर टक्के भार सामान्य नागरिक उचलतात’ अशी चिठ्ठी कोणी चिकटवल्याचे ऐकिवात नाही. तिकिटावरचा उपदेश फक्त डब्यात चढणाऱ्यासाठी राखून ठेवला आहे.

२३/ जगातल्या मोठ्या शहरांनी हा गुंता वेगवेगळ्या रीतींनी सोडवला. पॅरिस प्रदेशात १९७१ पासून ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या मालकांवर वाहतुकीसाठी कर आहे. शिवाय कामगाराच्या पासाचा निम्मा खर्च मालक देतो. लंडनने आपल्या एलिझाबेथ मार्गिकेसाठी २०१० पासून मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवर अधिभार लावला. मार्ग सुरू झाला २०२२ मध्ये. हाँगकाँगमध्ये रेल्वेलाच स्थानकांवरील विकासाचे हक्क मिळतात. या तिन्ही ठिकाणी तिकीट मुंबईपेक्षा महाग आहे, हे खरे. पण तिथे प्रवाशाला एकट्याला बिल दिले जात नाही. लाभ घेणारे तिघे, म्हणून देणारेही तिघे: प्रवासी, मालक, जमीनदार.

२४/ एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्याने, ज्याच्या तालुक्याला धड एक पॅसेंजर गाडी नाही, मुंबईकराच्या पासाचा भार का सोसावा? त्याने सोसू नये. माझ्या म्हणण्याला या आक्षेपाने बळकटीच येते. देशाच्या तिजोरीवरचा भार कमी करण्याचे दोन मार्ग आहेत: बदलापूरच्या प्रवाशाकडून जास्त घेणे, किंवा लोकलच्या जोरावर मुंबई महानगर प्रदेशात जी संपत्ती जमिनीत साठली आहे तिच्याकडून घेणे. पहिल्या मार्गाची चर्चा दर अर्थसंकल्पाला होते. दुसऱ्याची होत नाही, कारण दुसऱ्या मार्गावर उभे असलेले लोक निवडणुकांचा खर्च उचलतात.

२५/ भाडे कधीच वाढू नये, असे मी म्हणत नाही. दहा-दहा वर्षे भाडे गोठवायचे आणि मग एका रात्रीत दुप्पट करायचे, यापेक्षा महागाईच्या मानाने दरवर्षी थोडी वाढ केव्हाही बरी. पण तिला अटी असाव्यात. साधी फेरी काढून महाग फेरी बसवायची नाही. बंद दारांच्या वातानुकूलित गाड्या आणायच्या तर त्या साध्या भाड्याच्या पासावर आणायच्या, कारण बंद दार ही चैन नसून जीव वाचवण्याची सोय आहे. आणि प्रवाशाकडून अधिभार घेण्याआधी त्याच मार्गावरील जमिनीकडून तो घेतला गेला पाहिजे.

२६/ हे सारे भूतकाळाचे उणेदुणे नाही. संधी आत्ताही समोर आहे. एमयूटीपीच्या तिसऱ्या टप्प्यात पनवेल–कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा नवा उपनगरी मार्ग आहे आणि विरार–डहाणू या ६४ किलोमीटरचे चौपदरीकरण आहे. चौक, मोहोपे, चिखले ही नावे लोकलच्या नकाशावर येण्याआधीच घरांच्या आणि फार्महाऊसच्या जाहिरातींत झळकू लागली. सफाळे, पालघर, बोईसर इथेही तेच. या पट्ट्यांत मूळ शेतकऱ्याला रास्त हिस्सा देऊन, पुढच्या प्रत्येक खरेदी-विक्रीतील आणि वाढीव चटईक्षेत्रातील ठरावीक वाटा त्याच मार्गाच्या नावे राखून ठेवण्याचा कायदा आज झाला तर उपयोगाचा. गाडी सुरू झाल्यावर नफा खिशात घालून सगळे पांगलेले असतील.

२७/ शेवटी त्या बिलाविषयी, जे रुपयांत येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. २०२४ या एका वर्षात उपनगरी रेल्वेमार्गांवर २,४०० हून अधिक मृत्यू झाले. कुणी रूळ ओलांडताना, कुणी भरल्या गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही परत आले नाहीत. त्यांच्या खिशात पास होता. त्या पासाचे पैसे पुरेसे होते की नाही, याचा हिशेब रेल्वेने मांडावाच. मात्र त्याच पानावर ठाण्यापासून कर्जतपर्यंत, विरारपासून डहाणूपर्यंत जमिनीचे भाव कितीने वाढले आणि त्यांतून रुळांकडे किती परत आले, हेही छापावे. तिकिटाची मागची बाजू अजून कोरी आहे.